घोडा घेण्याआधी झोन दाखला काढा

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की एक प्रश्न हमखास येतो: घरामागे दहा गुंठे मोकळे आहेत, तिथे घोडा बांधला तर चालेल का? गुंठे किती आहेत हे नंतर पाहू. आधी बघायचं ते त्या गुंठ्यांवर विकास आराखड्यात, म्हणजे कुठल्या जमिनीचा काय वापर हे ठरवणाऱ्या सरकारी नकाशात, कुठला रंग पडलाय; त्या रंगावरून जमीन शेती, रहिवास की आणखी कुठल्या विभागात (झोनमध्ये) येते ते कळतं.

इथे सर्वांत जास्त गफलत होते ती 7/12 मुळे. उताऱ्यावर जिरायत लिहिलंय, ज्वारीची नोंद आहे, म्हणून माणूस जमीन शेती विभागात धरून चालतो. पण 7/12 हा महसुलाचा कागद. झोन ठरतो विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत. शहरालगतच्या गावांत पीकपाण्याची नोंद असलेल्या जमिनीवर रहिवास विभाग, शाळेचं आरक्षण किंवा आराखड्यातला रस्ता असं काहीही निघू शकतं. म्हणून चालू 7/12 आणि मोजणी नकाशा जोडून नगररचना कार्यालयात किंवा तुमच्या प्राधिकरणात झोन दाखल्यासाठी अर्ज करा आणि त्याच वेळी भाग नकाशाही, म्हणजे आराखड्यातला तुमच्या जमिनीपुरता नकाशा, मागा. नुसत्या दाखल्यावर थांबू नका. एकाच गटाचा अर्धा तुकडा शेतीत आणि अर्धा रहिवासात असू शकतो, आणि तबेला नेमका कुठल्या अर्ध्यात येतोय हे नकाशाशिवाय कळत नाही. जमीन नदीकाठी असेल तर पूररेषाही तपासा (निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल त्याहून मोठ्या पुराची): नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकाम होत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी लागतात.

राज्यात 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुंबई तिच्यात येत नाही; माथेरान, महाबळेश्वरसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागांचे नियमही वेगळे आहेत. या नियमावलीत पाळीव जनावरांचे तबेले शेती विभागात शेतीच्या वापरातच धरलेले आहेत. म्हणजे वापर मान्य. बांधकामाची परवानगी मात्र वेगळी लागते, आणि हे दोन्ही एकच समजून लोक परस्पर पत्र्याची शेड उभी करतात. पुढे नोटीस येते ती शेडवर. घोड्याबद्दल तिच्यात अवाक्षर नसतं. शेजारी राखणदारासाठी शेतघर बांधायचं असेल तर किमान 0.4 हेक्टर क्षेत्र लागतं, म्हणजे जवळपास 40 गुंठे. दहा गुंठ्यांवर तो विषय काढूच नका.

रहिवास विभागात आधी वापराच्या यादीत तबेला आहे का ते बघा. यादीत नसेल तर 'घरचाच घोडा आहे' एवढ्यावर भागत नाही. महापालिका हद्दीत आरोग्य आणि परवाना विभागाचंही ऐकावं लागतं. मुंबईत 2015 मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या, तेव्हा शहरातल्या विनापरवाना तबेल्यांचा प्रश्नही त्या निकालात होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोडा बांधण्याचा विचार करणाऱ्यांना माझा सल्ला एकच: करू नका. जनावराचेही हाल आणि तुमचेही.

घोडा घरचा आहे की धंद्याचा, हेही आधीच ठरवा. स्वतःच्या शेतात दोन घोड्या सांभाळणं निराळं; लग्नसराईत वरातीला घोडा भाड्याने देणं, रायडिंग क्लास काढणं किंवा पर्यटकांना घोड्यावरून फिरवणं निराळं. पैसे घेऊन सेवा सुरू झाली की वापर व्यावसायिक ठरू शकतो, मग अकृषिक (शेतीबाहेरच्या) वापराची आणि परवान्याची चौकशी करावी लागते. पहिल्या सुपारीआधीच हे तलाठी आणि नगररचना, दोन्हीकडे लेखी विचारून घ्या.

झोन बरोबर असूनही तक्रार होते, आणि ती बहुतेक वेळा लिदीची असते. साडेतीनशे किलोचा घोडा दिवसाला लीद आणि मूत मिळून पंधरा-अठरा किलो घाण करतो, म्हणजे महिन्याला जवळपास अर्धा टन. उन्हाळ्यात ओल्या लिदीत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून माशी तयार होते, त्यामुळे ढीग आठवडाभर तसाच पडला की शेजाऱ्यांच्या ओट्यावर माशा गेल्याच म्हणून समजा. लीद रोज दोनदा उचला. खड्डा झाकलेला ठेवा, विहिरीपासून निदान 50 फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला. घोडा बांधायची जागा बारा बाय बारा फुटांची, छत दहा फुटांहून उंच, फरशीला मोरीकडे हलका उतार. मुताचं पाणी साचलं की खूर सडतो आणि वासही तिथूनच उठतो. सार्वजनिक उपद्रवाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपर्यंत गेली तर ते उपद्रव हटवण्याचा आदेश काढू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 त्यासाठीच आहे. तिथे झोन दाखला दाखवून सुटका होईलच असं नाही.

कुंपणाला काटेरी तार नको, आणि कण्हेर तर अजिबात नको. फार्महाऊसवाले शोभेला सर्रास लावतात, पण तिची थोडीशी पानंही घोड्याचा जीव घेऊ शकतात. घोडा सुटून दुसऱ्याच्या पिकात शिरला तर 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यात घोडा, शिंगरू, खेचर सगळेच गुरांत मोडतात. त्याला कोंडवाड्यात घालता येतं, आणि दंड व चाऱ्याचा खर्च भरल्याशिवाय सोडत नाहीत.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला म्हणून झोन बदलत नाही. तो लागला तर घ्या, पण नगररचनेच्या उत्तरानंतर. प्रत्येक अर्जाची पोच, तारीख आणि आवक क्रमांकासह, जपून ठेवा. नोटीस आली तर उत्तराला पहिल्यांदा तीच जोडावी लागते.