न्यूटचा 'न'

एप्रिलातल्या दुपारी इंग्लंडातल्या एखाद्या तळ्यात डोकावलं, तर पाण्याखालची काही पानं दुमडलेली दिसतात, विडा बांधावा तशी. हे न्यूटच्या मादीचं काम. न्यूट म्हणजे सरड्यासारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर. मागच्या पायांनी पान धरायचं, आत एकच अंडं ठेवायचं, घडी चिकटवायची, की पुढचं पान. तुरेवाल्या मोठ्या न्यूटची मादी दिवसाला दोन-तीन असं करत हंगामात २०० ते ३०० अंडी बांधते. त्यातली निम्मी फुकट जातात. पहिल्या गुणसूत्राचे दोन प्रकार असतात. आईबापांकडून दोन्ही एकाच प्रकारचे आले, की पिल्लू अंड्यातच संपतं. पाहणी करणाऱ्यांनी (तेही परवाना असेल तरच) एक घडी उघडून पिवळसर अंडं ओळखलं की हात आवरायचा. उघडलेलं पान पुन्हा चिकटत नाही आणि उघडं अंडं मासे-किडे ठेवत नाहीत.

न्यूटच्या नावाची घडी मात्र माणसांनीच विस्कटली. जुन्या इंग्रजीत हा 'एफेटे'. लिहायचं फ, पण दोन स्वरांमध्ये म्हणायचं व. पुढे तो 'एवेट', मग आखडून 'एउट'. शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून आधी 'अ‍ॅन'. 'अ‍ॅन एउट' असं घाईत म्हणता म्हणता १५व्या शतकाच्या आसपास 'न' उडी मारून पलीकडे बसला: 'अ न्यूट'. 'निकनेम'चंही तेच. मूळ 'एकनेम', म्हणजे आणखी एक नाव. 'एप्रन'ने उलट केलं, आपला 'न' देऊन टाकला. नारिंगाचं ऑरेंज होतानाही 'न' गळाला, पण त्याचं खापर इंग्रजीवर नको. फ्रेंच-इटालियनांनी तो वाटेतच संपवला होता. आणि न्यूटनचा न्यूटशी काडीचा संबंध नाही. न्यूटन म्हणजे सरळ नवेगावकर.

जुना 'एफेटे' 'एफ्ट' होऊन अजून टिकून आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात एका जातीचं पिल्लू पाण्याबाहेर येतं, दोन-तीन वर्षं जंगलातल्या ओल्या पाचोळ्यात भगव्या-तांबड्या अंगाने हिंडतं, तेव्हा तो एफ्ट. पाण्यात परतून शेवाळी झाला, की न्यूट. एकाच शब्दाची दोन रूपं, एकाच जिवाच्या दोन वयांना वाटून दिलेली.

'एफेटे' हा शब्द पालीसरड्यांनाही चाले. न्यूट सरडा नव्हे. त्याला खवले नाहीत, कातडी बेडकासारखी ओली. पण या गफलतीला हसायची सोय आपल्याला नाही. भारतातले न्यूट दार्जिलिंग आणि ईशान्येकडच्या तळ्यांत. सह्याद्रीत शेपटीवाला उभयचर नाही, बिनपायांचा आहे, आणि त्याला आपण देवगांडूळ म्हणतो. तो गांडूळ नाही. उलट गांडुळं खातो.