स्टॉपरची फाईल

जुलै २०१६मध्ये ज्या फुटबॉल क्लबकडे मी जाणार होतो, त्याच्या मॅनेजरचा फोन आला. "अरे, नोंदणीच्या ऑनलाइन सिस्टीमवर तू अजून जुन्या क्लबकडेच दिसतोयस. दोन वर्षांचा करार आहे तुझा."

मी म्हटलं, "सर, माझं एकाच सीझनचं बोलणं झालं होतं."

"बोलणं झालं असेल रे. सही कशावर केलीस?"

ते मला चांगलं आठवत होतं. आदल्या वर्षी वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर ट्रायल संपल्यावर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली होती. पाऊस भुरभुरत होता, कागद दमट झालेला, पेन उठत नव्हतं म्हणून मी दोनदा गिरवलं. रक्कम आणि कालावधी, दोन्हींपुढे कोरी जागा होती. "ते ऑफिसात भरतो आम्ही," असं सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. (ज्यांच्या नावाचं ते मैदान, त्यांनी १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात असलंच काहीतरी फिरत होतं, कागद नाही.)

मूर्खपणा होता, पण तो आला कुठून ते सांगायला हवं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे सीझनच्या सुरुवातीला केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा अर्धी गल्ली सोबत येते. कोण कुठल्या तालमीच्या संघाकडे गेला हे दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. तिथे फॉर्म कुणी वाचत नाही, कारण वाचायची गरजच नसते. एकदा शब्द दिला की तो अख्ख्या पेठेला माहीत असतो. तो मोडला तर शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून जे ऐकावं लागतं त्यापुढे कुठलाही दंड परवडला. अठराव्या वर्षी मी वरिष्ठ गटात स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावफळीच्या मध्यावर, उतरलो तेव्हा पगार नव्हता. बूट मिळायचे, बक्षिसात वाटा मिळायचा आणि चहाचे पैसे कुणी घ्यायचं नाही. सही म्हणजे रीत, एवढंच मला ठाऊक. ती सवय घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेलो.

मुंबईत महिना नऊ हजार ठरले होते. चेंबूरला एका खोलीत आम्ही पाच जण. सकाळी प्रॅक्टिस, संध्याकाळी कुणी जिममध्ये ट्रेनर, कुणी डिलिव्हरीवर. सुट्टीच्या दिवशी रिंक फुटबॉल, म्हणजे छोट्या मैदानावरचे सामने, तिथे रोख मिळायची. क्लबला कळलं तर ओरडा, पाय मुरगळला तर खर्च आपला. तरी सगळे खेळायचे. मीही.

सगळ्यांच्या मनात एकच हिशोब होता. दोन-तीन वर्षं एमडीएफएच्या, म्हणजे मुंबईच्या जिल्हा संघटनेच्या, लीगमध्ये दिसायचं, मग बँक नाहीतर रेल्वे. आमच्या आधीच्या पिढीने तसंच केलं होतं. जेवणापर्यंत ऑफिस, नंतर मैदान, आणि साठाव्या वर्षी पेन्शन. आम्ही पोचलो तेव्हा महिंद्रा युनायटेड २०१०मध्येच बंद झालेला, एअर इंडिया आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून बाहेर पडलेला, आणि मी जिथे जिथे चौकशी केली तिथे कायमच्या नोकरीऐवजी एका सीझनचं स्टायपेंड. संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, कॅम्पला एकदा बोलावणं आलं, पण अंतिम यादीत नाव नव्हतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, मात्र अर्जाला स्पर्धेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कॅम्पचं प्रमाणपत्र नसतं. आईला हे समजावून सांगताना मलाच ते नीट पटत नव्हतं.

तर २०१६चं ते प्रकरण. दुसरीकडे खेळायला जुन्या क्लबची एनओसी हवी होती. त्या क्लबने शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे दिले नव्हते, आणि आता मला सोडतही नव्हते. सेक्रेटरींना फोन केला की "बघू" म्हणायचे. आठवडाभर मी फोनच करत राहिलो, ती दुसरी चूक. शेवटी खोलीतल्या एका सिनियरने मला बसवून सांगितलं, "फोनवर बोललेलं कुठं दाखवणार भावा? लिही." तो मूळचा कराडचा, बारा वर्षं हेच करत आलेला. त्याने सांगितलं तसं केलं. आधी ई-मेल केला: माझ्या कराराची प्रत द्यावी, अमुक दोन महिन्यांचं मानधन बाकी आहे. बँकेचं पासबुक भरून आणलं, म्हणजे कुठल्या महिन्यात पैसे आले आणि कुठल्यात नाही ते दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर "पुढच्या आठवड्यात देतो" असे सात मेसेज होते, त्यांचे स्क्रीनशॉट काढले. हे सगळं एका निळ्या प्लास्टिकच्या फाईलीत लावलं. फाईल वीस रुपयांची, अजून आहे.

सहा दिवसांनी कराराची प्रत आली. कालावधी: दोन हंगाम. आकडा वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात. खाली माझी गिरवलेली सही.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे तक्रार करता आली असती. पण तिचा निकाल लागेपर्यंत ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची मुदत, बंद होणार आणि मी वर्षभर घरी बसणार. विशीतला स्टॉपर वर्षभर बसला की त्याची आठवण कुणी ठेवत नाही. (पुढे २०१८मध्ये फिफाने नियमच केला की दोन महिन्यांचा पगार थकला, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. आजच्या पोरांनी हा नियम पाठ करावा. माझं प्रकरण दोन वर्षं आधीचं.)

विंडो बंद व्हायच्या तीन दिवस आधी सेक्रेटरींनी बोलावलं. चहा दिला. "तू आमचाच मुलगा आहेस," म्हणाले. मग एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला: माझं क्लबकडून काहीही येणं बाकी नाही. मी तो या वेळी तीनदा वाचला, फोटो काढला, आणि विचारलं, "सर, रिलीज आत्ता इथेच देणार?" त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. मी सही केली, त्यांनी बटण दाबलं. एका क्लिकचे अठरा हजार. रागापेक्षा हलकं वाटलं, आणि त्याचीच नंतर बरीच वर्षं लाज वाटत राहिली.

नव्या क्लबकडचा तो सीझन बरा गेला, पण पुढच्या वर्षी गणित फिरलं. २०१७मध्ये मुंबई एफसी बंद झाला, पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स बंद झाला. आय-लीग खेळलेले खेळाडू स्थानिक लीगच्या ट्रायलला येऊन उभे राहिले. ज्या स्टॉपरला मी तिकीट काढून बघायला जायचो तो माझ्या शेजारी वॉर्म-अप करत होता. त्याला घेतलं, मला नाही. मी कोच असतो तर मीही त्यालाच घेतलं असतं.

मग गोवा. तिथल्या प्रोफेशनल लीगमध्ये खालच्या अर्ध्यात असलेल्या एका क्लबने घेतलं. तिकडचा फुटबॉल खालच्या दर्जाचा म्हणावा तर धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे तिघेही २०१६मध्ये आय-लीगमधून बाहेर पडून त्याच लीगवर आलेले. म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर पहिल्या सामन्यात त्यांच्यातल्याच एका संघाच्या स्ट्रायकरने पहिल्या दहा मिनिटांत मला तीनदा वळवलं. मी कोल्हापूरच्या सवयीने त्याच्या पाठीला चिकटून उभा राहत होतो, अंगाला अंग. त्याला तेच हवं होतं. माझा भार कुठल्या खांद्यावर आहे ते त्याला पाठीवरूनच कळायचं आणि तो विरुद्ध बाजूने निसटायचा. आमचा गोलकीपर मागून कोंकणीत ओरडत होता. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. अर्धं पाऊल मागे सरकलो, बॉल त्याच्या पायाशी येऊ दिला, मग पुढे गेलो. चौथ्यांदा तो वळला तेव्हा मी समोर होतो. एक-शून्यने हरलो, पण त्या अर्ध्या पावलावर मी पुढचे दोन सीझन खेळलो. पैसे दर महिन्याच्या सात तारखेला, पाकिटात, न मागता. हे मुद्दाम लिहितोय, कारण सगळे क्लब सारखे नसतात.

मग मुंबईत अर्धा सीझन. २०१९मध्ये परत कोल्हापूर, आणि प्रॅक्टिस मॅचमध्ये गुडघा. एसीएल, गुडघ्याच्या आतलं लिगामेंट. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मी वॉकर घेऊन चुलत्याच्या तिसऱ्या मजल्यावर होतो, फिजिओ बंद. गुडघा पूर्ण वाकायला लागला तोवर कोविड आला. त्यानंतर तीन सीझन खेळलो, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. उडी मारताना आधी विचार यायचा, आणि स्टॉपरला विचार आला की बॉल गेलेला असतो.

आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. सकाळी सहा ते साडेसात पोरांना शिकवतो. कोचिंगचं डी लायसन्स झालंय, त्याचं सर्टिफिकेट त्याच निळ्या फाईलीत.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला गोलकीपर आला, वय एकोणीस. मुंबईच्या क्लबने फॉर्म पाठवला होता, त्याने प्रिंट काढून आणलेली. "दादा, तुम्ही फक्त बघा की बरोबर आहे का. रात्रीची गाडी हाय." मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो. तो दारात उभा, पाय हलवत. "दादा, एवढं काय वाचताय? ते म्हणले बाकीचं ऑफिसात भरतो."

तिसऱ्या पानावर कालावधीपुढे नुसती रेघ होती. मी त्याला पेन दिलं आणि अक्षरी लिहायला सांगितलं, एक हंगाम. त्याने माझ्याकडे बघितलं. "आधी त्यांना इचारू का?"

"विचार."

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. त्याने पुन्हा लावला.