खुर्चीच्या आधीचे साठ तास

आमच्या शाळेतली एक शिक्षिका सध्या मुख्याध्यापकपदासाठीचं प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकणं, करतेय. इथे कॅनडातल्या ऑन्टारिओत सरकारी शाळेत साधं उपमुख्याध्यापक व्हायचं तरी प्रिन्सिपल्स क्वालिफिकेशन प्रोग्राम पूर्ण करावा लागतो. प्रवेशालाच किमान 5 वर्षं शिकवण्याचा अनुभव हवा, शिवाय मास्टर्स किंवा दोन विषयांत स्पेशालिस्टची पात्रता. पुढे 125 तासांचे दोन भाग आणि 60 तासांचं प्रॅक्टिकम.

मला हेवा वाटतो तो त्या 60 तासांचा. मुरलेल्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली शाळेतलाच एक खरा प्रश्न सोडवायला घ्यायचा. हिने घेतला, नव्याने देशात आलेले पालक सभेला का फिरकत नाहीत? तिने तीन भाषांत सुंदर पत्रकं काढली. मार्गदर्शक बाईंनी ती पाहिली आणि एवढंच विचारलं, "यातल्या किती जणांशी बोललीस?" मग ती रोज शाळा सुटल्यावर फोन घेऊन बसली. बहुतेकांची गोदामात संध्याकाळची पाळी! सभा सकाळी घेतली, तर खुर्च्या कमी पडल्या. हे शिकताना तिच्या डोक्यावर अख्ख्या शाळेची जबाबदारी नव्हती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात 1981च्या सेवाशर्ती नियमावलीने खाजगी शाळांत मुख्याध्यापक नेमताना सेवाज्येष्ठता धरली, आणि मी तिच्या बाजूने आहे. ती नसती तर कित्येक संस्थांत खुर्ची घरच्याच माणसाला गेली असती. आणि पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसवर भरायची शाळेची सरकारी माहिती, गळकं छप्पर सांभाळून आपले मुख्याध्यापक शाळा चालवतात, ते इथल्या कुणाला झेपेल असं मला वाटत नाही. पण माझ्या जुन्या शाळेत शुक्रवारपर्यंत नववीला भूगोल शिकवणाऱ्या बाई सोमवारी वेतनपथकाला (पगार काढणाऱ्या सरकारी कार्यालयाला) जाणाऱ्या बिलांवर सह्या करत होत्या. आधी कुणी शेजारी बसवून दाखवलं नव्हतं.

"तू का नाही करत हा कोर्स?" असं घरून विचारतात. इथे त्या पदावर गेलं की शिक्षक संघटना सुटते, वर्गही बहुतेक सुटतो. मला वर्ग हवाय, आणि त्यात कमीपणा नाही.

पण असं आधीचं शिकणं आपल्याकडे सहज जमेल. ज्येष्ठता यादीमुळे पुढचं नाव कुणाचं, हे दोन-दोन वर्षं आधी शिपायालाही ठाऊक असतं. निवृत्त मुख्याध्यापक तालुक्यातालुक्यात आहेत. त्या दोघांना शाळा चालू असताना, पगारबिलापासून पालकसभेपर्यंत, साठ तास एकत्र बसवायचं.