फिक्स एका ओळीचा, पण ठेवायचा कुठे?

2024 चा तान्हा पोळा. नागपुरात त्या दिवशी मारबत, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्यामुळे इतवारीत राहणाऱ्याने परसोडीच्या आयटी पार्कला वेळेवर पोहोचायचा विचारही करू नये. मी घरूनच काम करत होतो. मेल उघडली तर लिनक्स-नेक्स्टचा बिल्ड (कोड जोडून चालवण्याजोगा करणं) फुटलेला, आणि फुटलेल्या फाईलचं नाव आमच्या चार्जर ड्रायव्हरचं, म्हणजे चार्जर चालवणाऱ्या कोडचं.

लिनक्सचं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे कर्नल. त्यात प्रत्येक भागाचा सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, वेगळा आणि त्याच्या कोडचं झाड, म्हणजे ट्री, वेगळं. ही शेकडो झाडं रोज एकत्र करून बिल्ड होतं का, हे पाहायचं काम लिनक्स-नेक्स्टचं. स्टीफन रॉथवेल यांनी ते 2008 मध्ये सुरू केलं. काळी आणि पिवळी मारबत आपापल्या वस्तीतून थाटात निघतात. खरी कसोटी दोघी नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात तेव्हा. इथेही तसंच.

आमची चिप बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डासाठीची. एकाच चिपमध्ये चार्जर, व्होल्टेज, घड्याळ असं सगळं. अशा चिपच्या कोडचा गाभा अनेक कामं करणाऱ्या चिपसाठीच्या एमएफडी नावाच्या भागात राहतो आणि चार्जरचा ड्रायव्हर पॉवर सप्लायवाल्यांकडे. गाभा आधीच्या रिलीजमध्ये गेला होता. चार्जर पॉवर सप्लायच्या झाडात नुकताच लागला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दरम्यान तिसऱ्याच कंपनीच्या एका माणसानं गाभ्यातल्या एका हेल्पर फंक्शनला एक आर्ग्युमेंट (त्याला द्यायची माहिती) वाढवलं. त्यानं ते जिथं जिथं वापरलं होतं तिथं तिथं नीट बदललंही. पण त्याच्यासमोर एमएफडीचं झाड होतं आणि त्यात आमचा चार्जर नव्हताच. तो बरोबर, आम्हीही बरोबर. दोन्ही झाडं स्वतंत्रपणे बिनतक्रार बिल्ड होतात. एकत्र आली की कंपायलर म्हणतो, फंक्शनला आर्ग्युमेंट कमी पडतंय.

आमच्या टीममधल्या पोट्ट्याचा लगेच फोन. "दादा, एका ओळीचा तर फिक्स आहे. पाठवून देऊ का?"

"पाठव. कोणाला पाठवतो?"

"पॉवरवाल्यांना."

"त्यांच्या झाडात ते नवं आर्ग्युमेंट आहे काय?"

"नाही. मग एमएफडीवाल्यांना?"

"तिथं आपला ड्रायव्हर आहे काय?"

फोनवर शांतता. मग म्हणतो, "काय कटकट आहे बे!" (मला 'बे' म्हटल्याचं लक्षात येऊन सॉरीही म्हणाला.)

दुसरी कटकट त्याला अजून दिसली नव्हती. बिल्ड फुटला की लिनक्स-नेक्स्टमध्ये त्या झाडाची आदल्या दिवशीची आवृत्ती घेतात. म्हणजे आमच्या एका ओळीपायी पॉवर सप्लायमधल्या इतरांचेही ताजे बदल त्या दिवशीच्या चाचणीतून बाहेर. अशा वेळी मेंटेनरला तगादा लावण्यात अर्थ नसतो, त्याला तयार उत्तर द्यावं लागतं.

वेळही बेताचा होता. रविवारी कर्नल 6.11 ची आरसी-6, म्हणजे सहावी चाचणी आवृत्ती, आली होती. आरसी-7, मग रिलीज, आणि मग 6.12 साठी दोन आठवड्यांची मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल घ्यायची मुदत. ती हुकली तर पुढचं रिलीज नऊ-दहा आठवड्यांनी. त्यात वर्षाचं शेवटचं रिलीज बहुधा दीर्घ मुदतीचं, म्हणजे वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळणारं, ठरतं, म्हणून ग्राहकाला 6.12 च हवं होतं.

दोन्ही मेंटेनरांचा दिवस आपल्या दुपारी सुरू होतो. तोवर एकच मेल तयार केली, दोघांनाही, त्या तिसऱ्या माणसालाही. खाली गल्लीत "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" चालू होतं आणि मी वर पर्याय लिहीत होतो. एमएफडीवाल्यांनी तो बदल आरसी-1 वर बेतलेल्या वेगळ्या, पुन्हा न बदलणाऱ्या शाखेत काढून द्यायचा आणि पॉवरवाल्यांनी ती ओढून घ्यायची, हा रुळलेला मार्ग. पण तो बदल आधीच इतर पॅचखाली, म्हणजे नंतर लागलेल्या बदलांखाली, दबला होता. तो काढायचा तर प्रसिद्ध झालेला इतिहास उलटा करावा लागणार. शेवटी सगळी झाडं एकत्र करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सवर सोपवणं हाही मार्ग असतो: पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे झाड ओढून घ्यायच्या विनंतीत, स्पष्ट सांगायचं, ते मर्ज करताना ओळ दुरुस्त करतात. वाईट नाही, पण तोवर लिनक्स-नेक्स्टमध्ये कोणीतरी रोज ठिगळ लावायचं. जुनं फंक्शन ठेवून नव्या नावानं दुसरं आणणं मला नेहमीच सर्वात शहाणपणाचं वाटतं. 'प्लॅटफॉर्म' प्रकारच्या ड्रायव्हरांचं रिमूव्ह फंक्शन असंच बदललं: 6.3 मध्ये जोडीला रिमूव्ह-न्यू आणलं, ड्रायव्हर सावकाश हलवले आणि 6.11 मध्ये मूळ रिमूव्हच बदलून टाकलं. पण ती सोय बदल करणाऱ्यानं आधी करायची असते.

म्हणून पहिला पर्याय असा मांडला: आमचा ड्रायव्हर पॉवरच्या झाडात सगळ्यात वर आहे, त्यावर काही अवलंबून नाही, पॉवरवाल्यांनी तो काढून टाकावा, संमतीचा अॅक्ड-बाय द्यावा, आणि तोच पॅच नव्या आर्ग्युमेंटसकट एमएफडीनं घ्यावा. पॅच आधीच एमएफडीच्या झाडावर बेतून, कोणत्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) लागतो ते गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या बेस पर्यायानं नोंदवून सोबत जोडला. त्यांना फक्त हो म्हणायचं उरलं होतं.

संध्याकाळी अॅक्ड-बाय आला. एका ओळीचं उत्तर, आभार-बिभार काही नाही. रात्री एमएफडीनं पॅच लावला. पुढे मेकफाईलमध्ये (काय काय बिल्ड करायचं त्या यादीत) दुसऱ्या एका चार्जरच्या ओळीशी किरकोळ टक्कर झाली. दोन्ही ओळी ठेवल्या की संपलं, तेवढ्यासाठी कोणी मेलही वाढवली नाही.

ड्रायव्हर 6.12 मध्ये गेला. ग्राहकाची पुढची मागणी आली ती 6.6 वर बॅकपोर्टची, म्हणजे तोच ड्रायव्हर जुन्या आवृत्तीत नेण्याची. तिथं ते फंक्शन जुन्याच रूपात घ्यायचं होतं, म्हणजे आमची पहिलीच ओळ बरोबर. पोट्टा ती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली ते शोधत बसला.