न्यायला कोण येणार?

पाळणाघरातलं सगळ्यात अवघड काम कुठलं, असं विचारलं की लोकांना शी-शू, रडारड, भरवणं आठवतं. त्याची हाताला सवय होते. अवघड असतं ते संध्याकाळी मूल परत देणं. म्हणून माझ्या फॉर्मवर मुलाच्या नावाखाली पहिलाच प्रश्न ठळक छापलाय: न्यायला कोण येणार? तीन नावं, तीन फोटो, खाली आईबाप दोघांच्या सह्या. हा फॉर्म मला टिळकनगरच्या ताईंनी दिला. त्यांच्याकडे तो कुठून आला, ते आता त्यांनाही आठवत नाही. डोंबिवलीतल्या निम्म्या घरगुती पाळणाघरांत हाच फॉर्म झेरॉक्सवर झेरॉक्स होत फिरतोय. त्या प्रश्नावर आईबापांची उत्तरंच दोन वेगळी असतील, हे तो लिहिणारीच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. चारचा सुमार, म्हणजे दुपारची झोप मोडायची वेळ. ही वेळ ज्याला सांभाळता आली त्याला पाळणाघर आलं, असं माझं मत आहे. एकाला गोधडीचं टोक तोंडात लागतं. एकीला पंख्याची घरघर लागते. वीज गेली की ती उठते आणि मग एकामागून एक सगळी फलटण उठते. एक जण माझा पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय डोळे मिटत नाही, म्हणून मी पाळणाघरात साडीच नेसते. उठल्यावर कोणाला लगेच दूध, कोणाला आधी पाच मिनिटं मांडी. कोणाशी तर बोलायचंच नाही, नुसतं शेजारी बसायचं. हा क्रम चुकला की पुढचा तासभर घर डोक्यावर. म्हणून प्रत्येकाची वेगळी वही आहे. किती झोपला, कसा उठतो, डबा किती उरला, शी कशी झाली, औषध किती वाजता दिलं. औषधसुद्धा आईने कागदावर लिहून दिलं असेल तरच. ‘थोडं तापाचं द्या ना काकू’ असं दारातून सांगितलेलं मी ऐकतच नाही.

तर निम्मी मुलं उठलेली, निम्मी गाढ, आणि बेल वाजली. सेफ्टी डोअरच्या जाळीतून पाहिलं तर एका साडेतीन वर्षांच्या मुलाचे बाबा. ऑफिसचे कपडे, हातात खेळण्यातल्या जेसीबीचा खोका.

“आज लवकर सुटलो काकू. घेऊन जातो ह्याला.”

फॉर्मवर त्यांचं नाव होतं, फोटो होता, सही होती. फीसुद्धा दर महिन्याला त्यांच्याच नंबरवरून यायची. पण दिवाळीनंतर मुलाच्या आईचा मेसेज आला होता, ‘ह्यापुढे मी किंवा माझी आई, बाकी कोणाकडेही देऊ नका.’ बाकी कोणी म्हणजे कोण, ते तिने लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आमच्या कामात असं विचारत नाहीत. मूल सांगतंच, ‘आम्ही आता आजीकडे राहतो.’

“त्याच्या आईला एक फोन करते हं,” म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात पोरगा आतून धावत आला. “पप्पा! जेसीबी!” आणि जाळीला चिकटून उड्या मारायला लागला. तो घाबरला असता, माझ्यामागे लपला असता, तर मला काही ठरवावंच लागलं नसतं.

आईचा फोन लागेना. ती ऐरोलीला कामाला. तिच्या कंपनीत कामावर बसताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा. आजींचा फोन वाजून वाजून बंद झाला. कोणी म्हणेल, मग मूल कंपनीच्याच पाळणाघरात का नाही? 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येतं, हे सगळं कायद्यात आहे. सकाळच्या गर्दीत साडेतीन वर्षांचं पोर काखेत मारून डोंबिवलीहून ठाणे आणि तिथे गाडी बदलून ऐरोली कसं गाठायचं, हे मात्र कायद्यात नाही. म्हणून तर आमच्यासारख्यांची घरं भरतात.

समोरच्या ब्लॉकमधले काका आवाज ऐकून बाहेर आले. “अहो, बाप आहे तो! बापाला पोर देत नाही म्हणजे काय?” जिन्यात मुलांच्या चपला दिसतात म्हणून सोसायटीत माझ्याविरुद्ध अर्ज देणारे ते हेच. पोरांचा कळवळा त्यांना नेमका त्या दिवशी आला. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरच्या दोघी. जिना भरला.

बाबा मात्र शांत होते. “मी काय चोरून नेतोय का काकू? पोलिसांना बोलवायचं तर बोलवा.” तो माणूस ओरडला असता तर मला फार सोपं गेलं असतं.

मी ग्रुपवर एकच शब्द टाकला, ‘दार’. आमच्या दहा-बारा जणींत त्याचा अर्थ ठरलेला आहे: जी जवळ असेल तिने निघावं, कारण नंतर विचारावं. हा ग्रुप 2020 च्या लॉकडाऊनमध्ये झाला. मार्चमध्ये मुलं यायची थांबली आणि आमची मिळकत एका दिवसात शून्यावर आली. अंगणवाडीच्या बायकांना मानधन तुटपुंजं असेल, पण त्यांची संघटना आहे; 2023 च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या तर राज्यभर बातमी झाली. आमचं दार बंद झालं ते शेजारच्या इमारतीलाही कळलं नाही. घरात चार-सहा मुलं सांभाळायला परवाना लागतो असं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, आणि परवाना नाही म्हणजे आम्ही कुठल्या यादीतही नाही. तेव्हा एकमेकींना किराणा पोचवण्यापासून सुरुवात झाली. आता कोणी आजारी पडली तर तिची मुलं दुसरीकडे जातात, आणि जास्तीच्या गाद्या कोणाकडे आहेत ते सगळ्यांना पाठ असतं.

रामनगरच्या वहिनी रिक्षाने आल्या, स्वतःकडची दोन मुलं दोन हातांना धरून. जिन्यातल्या मंडळींना “जरा सरका” एवढंच म्हणाल्या आणि सरळ आतल्या खोलीत गेल्या. फळीवरच्या वह्या उघडल्या. कोणाला मांडी, कोणाला दूध, कोणाशी बोलायचं नाही, सगळं वाचून बरोबर केलं. आतून एकही भोकाड ऐकू आलं नाही. माझ्या वह्यांना हसणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे मी अजून ऐकवते.

टिळकनगरच्या ताईंनी फोनवर एक वकील जोडून दिली. तिची मुलगी पूर्वी ताईंकडे असायची. ती म्हणाली, 1956 च्या पालकत्वाच्या कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक, पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे, असं एकाच कलमात लिहिलंय. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईलाही त्या पालकत्वात धरलं. “कोर्टाचा आदेश आहे का कोणाकडे? नाही ना? मग काकू, कागद त्याच्याकडेही नाही आणि तिच्याकडेही नाही. तुम्ही निवाडा करू नका. मुलाला कोणाबरोबर पाठवू नका आणि त्याला हाकलूही नका. आई येईपर्यंत थांबवा.”

मी दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि वरची कडी लावली. जिन्यातल्यांना सांगितलं, नाटक संपलं. वहिनींना ते पटलं नव्हतं. आतल्या खोलीच्या दारातून त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मुलांसमोर बोलल्या नाहीत.

जेसीबीला सेल नव्हते. टीव्हीच्या रिमोटमधले काढून दिले. झाकणाचा स्क्रू इवलासा. शिलाई मशीनच्या खणातला पेचकस दिला तेव्हा निघाला. मग ते दोघं फरशीवर बसून चण्यांचा ढीग इकडून तिकडे नेत बसले. मधेच मी दूध आणलं, तर मुलाने कप दोन्ही हातांत धरला आणि पिऊन टाकलं. बाबा बघत राहिले. “बाटली सुटली?” म्हणाले. बाटली सुटून बरेच दिवस झाले होते. वहीत तारीख आहे.

सहा वाजून गेल्यावर आईचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, “त्याला आत का घेतलंत?”

साडेसातला ती पोचली. घामाने चिंब, ओढणी पिशवीत कोंबलेली. भांडण होईल म्हणून वहिनी मुद्दाम थांबल्या होत्या. भांडण झालं नाही. दोघं माझ्यामार्फत बोलले. “त्याला सांगा, रविवारचं आधी कळवायचं.” “तिला सांगा, कळवलं होतं.” बाबांनी मुलाला सँडल घातले, आईने उचललं. जेसीबीकडे बघून ती म्हणाली, “ते इथेच राहू दे.” पोरगा जिना उतरेपर्यंत जेसीबीसाठी रडत होता.

महिनाअखेरीला तिने मुलाला माझ्याकडून काढलं. मोबाइलवर कॅमेरा दिसणाऱ्या, दोन-तीन शाखा असलेल्या डेकेअरमध्ये घातलं. 2016 मध्ये नवी मुंबईतल्या एका पाळणाघरातली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, तेव्हापासून आईबापांना कॅमेरा हवाच असतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्या दिवशी कॅमेऱ्याने काय दाखवलं असतं? बाप आणि मुलगा फरशीवर बसून चणे वाहताहेत. तिला तेच बघायचं नव्हतं, की तेच बघायला हवं होतं, ह्यावर माझं आणि वहिनींचं अजून वाजतं. वहिनी म्हणतात, आईने ‘नको’ म्हटलं तर नको, तिने काय काय सोसलंय ते तुला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण तो बाहेर जिन्यात आणि पोर जाळीला चिकटलेलं, असं दृश्य माझ्या घरात मी तीन तास चालू दिलं नसतं, हेही खरं.

फॉर्म आम्ही बदलायला घेतला. ‘न्यायला येणाऱ्यांच्या यादीत बदल दोन्ही पालकांच्या सहीनेच होईल, अन्यथा कोर्टाचा आदेश दाखवावा’ अशी ओळ ताईंनी सुचवली. लगेच एकीने विचारलं, मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई नवऱ्याची सही कुठून आणणार? ती ओळ तिथेच अडकली आहे. जुनाच फॉर्म चालू आहे.

नव्या डेकेअरमधून मला एक फोन आला होता. मूल झोपत नाही, काही सवय आहे का म्हणून. मी वहीतून वाचून दाखवलं: गोधडी अर्ध्या अंगावर, पाठीवर हात, गाणं नको. गेल्या आठवड्यात बाबांचा मेसेज आला, ‘काकू, तो आता कुठल्या डेकेअरला जातो, सांगाल का?’ ताई म्हणतात, नंबर ब्लॉक कर. वकीलबाई म्हणतात, आईला विचारा म्हणावं. मी मेसेज उघडून वाचलाय, निळ्या खुणा त्यांनाही दिसल्या असणार.