बोल्ट मागवला, कडी आली

चेक देशातल्या ब्रनोच्या शेडमध्ये क्रेट उघडून झाले आणि खरेदीच्या पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या, तर त्यातून दाराच्या सहा कड्या निघाल्या. जस्ताचा मुलामा, सरकता दांडा, पट्टीला चार भोकं. आपल्याकडे हार्डवेअरवाला टॉवर बोल्ट म्हणून देतो तोच प्रकार. हवे होते ते मशीनच्या गार्डच्या, म्हणजे संरक्षक आवरणाच्या, दाराची बिजागरं आवळायचे एम८ × २० चे (८ मिमी व्यास, २० मिमी लांबी) षटकोनी बोल्ट.

मशीन पुण्याचं. नट-बोल्ट कुठेही मिळतात, मग ते जहाजावर कशाला चढवायचे, म्हणून ते ब्रनोतच घ्यायचे ठरले होते. यादी इंग्रजीत होती आणि सॉफ्टवेअरने तिचं चेक भाषेत भाषांतर केलं होतं. ओळ होती ‘डोअर बोल्ट, ६ नोस’. माप नाही, ग्रेड (मजबुतीचा दर्जा) नाही. चेकमध्ये ते झालं ‘झास्तर्च’, म्हणजे सरकवायची कडी. स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंनी वाचलं तेच आणलं, त्यांची चूक शून्य. ‘नोस’ तसंच राहिलं होतं. नगांसाठीचा हा आपला भारतीय इंग्रजी शब्द, पण चेकमध्ये नोस म्हणजे नाक. सहा नाकांकडे बाईंनी समजूतदारपणे काणाडोळा केला. तिथे नगाला ‘कुस’ म्हणतात आणि यादीत फक्त ‘क्स’ लिहितात.

इंग्रजी बोल्ट म्हणजे एक शब्द आणि दहा वस्तू. चेकमध्ये प्रत्येकीला वेगळं नाव आहे. आटे असलेला, नटने किंवा डोक्याने आवळायचा तो ‘श्रोउब’. उच्चार करताना शेवटचा ब जवळजवळ प होतो. दार बंद करायची आडवी दांडी ‘झावोरा’, म्हणजे आपला अडसर. छोटी सरकती कडी ‘झास्तर्च’. तिच्यापुढे ‘का’ लागला की ‘झास्तर्चका’, आणि ती बहुतेक वेळा विजेची पिन असते. दाराच्या जाडीत बसवायच्या कुलपाला दोन जिभा असतात: स्प्रिंगवरची तिरकी ती ‘स्त्र्शेल्का’, किल्लीने बाहेर येणारी चौकोनी ती ‘झावोरा’. इंग्रजी कॅटलॉग दोघींनाही बोल्ट म्हणू शकतो. आकाशातला बोल्ट ‘ब्लेस्क’. बंदुकीचा ‘झाव्येर’. कापडाचा बोल्ट ‘श्तूचेक’, आपण ज्याला तागा म्हणतो तो. मशीनच्या यादीत ब्लेस्क येणार नाही हे कुणालाही कळतं. घोळ होतो तो श्रोउब, झावोरा आणि झास्तर्च या तिघांत, कारण तिन्ही एकाच मशीनवर असू शकतात.

आमच्या यादीत उलटीही चूक सापडली. ‘गार्ड बोल्ट’ म्हणजे दार बंद झाल्यावर आत सरकणारी, इंटरलॉकची (मशीन चालू असताना दार उघडू न देणाऱ्या यंत्रणेची) दांडी, म्हणजे झावोराच. तिचं भाषांतर श्रोउब झालं होतं. ओळीत २० मिमी व्यास लिहिला होता, त्यामुळे बाई एम२० चा बोल्ट शोधत होत्या. फिरवून आवळायचा की सरकवून अडवायचा, एवढा प्रश्न आधी कुणी विचारला असता तर दोन्ही ओळी सुटल्या असत्या. सॉफ्टवेअरला ड्रॉइंग दिसत नाही. यादी करणाऱ्याला दिसत असतं, पण तो लिहित नाही.

इंग्रजीत बोल्ट आणि स्क्रू यांच्यावर वाद घालता येतो: भोकातून आरपार जाऊन नटने आवळला तर बोल्ट, डोक्याने फिरवून आट्यात शिरवला तर स्क्रू. आयएसओ ४०१४ आणि आयएसओ ४०१७ या आंतरराष्ट्रीय मानकांमध्येही ही दोन नावं आहेत. पहिल्यात दांडीचा काही भाग गुळगुळीत, दुसऱ्यात आटे डोक्यापर्यंत. चेक फिटर दोन्हीला श्रोउबच म्हणतो आणि फरक सांगायचा तर ‘आटे डोक्यापर्यंत’ असं जोडतो. लाकडात घुसणारा टोकदार स्क्रू मात्र वेगळा, तो ‘व्रुत’. म्हणजे इंग्रजी स्क्रूचं भाषांतर करताना समोर लोखंड आहे की लाकूड हे कळलंच पाहिजे. दुकानात जुने कारागीर आजही चेकोस्लोव्हाक मानकाच्या आकड्याने मागतात: ०२ ११०१ म्हणजे अर्धे आटे, ०२ ११०३ म्हणजे पूर्ण आटे, ०२ १४०१ म्हणजे षटकोनी नट. हे आकडे यादीत घातले तर भाषा लागतच नाही.

नटाचं प्रकरणही मजेदार आहे. ‘मतित्से’ हा कागदावरचा शब्द, शेडमध्ये म्हणतात ‘मत्का’, म्हणजे आई. गणितातलं मॅट्रिक्सही मतित्सेच आणि १८३१ साली पुस्तकं छापायला निघालेली संस्थाही ‘मतित्से चेस्का’. खायचा नट ‘ओर्झेख’. पण पान्याच्या सेटमधल्या सॉकेटलाही चेक फिटर ओर्झेखच म्हणतो. नटाचं भाषांतर अक्रोड झालं तर हसून सोडून देऊ नका, बाई दुकानातून सॉकेट घेऊन येतील. वायसर ‘पोद्लोश्का’, त्याला दुसरा अर्थ जोडला जाण्याची भीती कमी.

हे सगळं गमतीत निघालं असतं, पण एक ओळ महागात पडणार होती. कूलंट लाइनच्या फ्लँजवर, म्हणजे पाइप जोडायच्या भोकांच्या चकतीवर, ‘स्टड बोल्ट, एम१६ × ९०, ८ नोस’. फ्लँज डीएन १०० (पाइपचं नाममात्र माप), पीएन १६ (दाबाचा वर्ग): आठ भोकं, त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८० मिमी. इंग्रजी पाइपिंगवाला स्टड बोल्ट म्हणतो तेव्हा त्याला दोन्ही टोकांना नट लावायची, पूर्ण आट्यांची दांडी हवी असते. भाषांतर आलं ‘झावर्त्नी श्रोउब’. हा वेगळा प्राणी आहे. याचं एक टोक मशीनच्या बॉडीतल्या आट्यात कायमचं बसवायचं आणि दुसऱ्यावर नट लावायचा. पिशवीत आले ते डीआयएन ९३९ या जर्मन मानकाचे.

हातात घेतल्यावर ते बरोबरच वाटतात. नट दोन्हीकडून चढतात, पाना लागतो, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला वाजणारा पाना, टक्कन वाजतो. हिशोब केला तर चित्र पालटतं. या मानकात लिहिलेल्या ९० मध्ये बॉडीत जाणारं टोक धरलेलंच नसतं. एम१६ ला ते २० मिमी जास्तीचं. ९० पैकी नटाच्या बाजूचे आटे ३८ मिमी. उरलेले ५२ मिमी गुळगुळीत. आमच्याकडे आवळायची जाडी अशी: २० मिमीचे दोन फ्लँज, २ मिमीचं गॅस्केट (गळती रोखणारी मधली चकती), ३ मिमीचे दोन वायसर, एकूण ४८. म्हणजे दोन्ही नट गुळगुळीत दांडीला जाऊन टेकतात आणि मध्ये किमान ४ मिमी मोकळे राहतात. रेंच वाजतो तो आटे संपल्याचा. गॅस्केट दाबलंच जात नाही आणि पंप चालू केला की सगळा कूलंट जमिनीवर. शंका आली तर एक साधी परीक्षा आहे: आवळल्यावर बोटाने वायसर फिरवून बघायचा. फिरला तर टॉर्कचा आकडा विसरा.

दुकान बंद व्हायला तासभर होता. एम१६ ची एक मीटरची ८.८ ग्रेडची आटे पाडलेली दांडी घेतली. तिकडे ‘झावितोवा तिच’ म्हणून मिळते. ९० मिमीचे आठ तुकडे म्हणजे ७२० मिमी, करवतीच्या फटी धरूनही एकीत भागतं. कापायच्या आधी खुणेच्या पलीकडे एक नट चढवून ठेवायचा. कापून कानस फिरवली की तो बाहेर काढायचा, टोकाचे आटे आपोआप सरळ होतात. सोळा नट, सोळा वायसर. ४८ मध्ये दोन नटांचे ३० मिळवले की ७८, ९० मधून उरले १२, म्हणजे प्रत्येक टोकाला ६ मिमी, तीन आटे. समोरासमोरचे घेत तीन फेऱ्यांत आवळले.

दारासाठी एम८ × २०, ग्रेड ८.८ घेतले आणि सुमारे २५ न्यूटन-मीटरला आवळले. पाने मात्र जपून काढावे लागले: एम१० च्या डोक्याला नव्या मानकात १६ चा पाना, जुन्यात १७ चा; एम१२ ला १८ आणि १९. ब्रनोच्या दुकानात दोन्ही डोकी शेजारशेजारच्या खोक्यांत असतात. आमच्या पेटीत १७ आणि १९ च होते.

संध्याकाळी यादी नव्याने लिहिली. प्रत्येक ओळीत माप, मानकाचा आकडा, ग्रेड, काय कशाला जोडतं ते, आणि शेवटी क्स. संख्येप्रमाणे चेक शब्द बदलतो तेही जमवलं: दोन ते चार असले तर श्रोउबी, पाचपासून पुढे श्रोउबू. सूचनांच्या पानावर ‘सैल करा’ला ‘पोवोलित’ लिहिलं. त्याचाच दुसरा अर्थ परवानगी देणं, त्यामुळे एका तरुण फिटरने ‘बोल्टला परवानगी दिली’ म्हणून दिवसभर विनोद केला.

सहा कड्यांपैकी दोन शेडच्या मागच्या लाकडी दाराला लागल्या. त्यांना बारा व्रुत लागले, आणि ते यादीत कुठेच नव्हते.