दोन शोधनिबंधांमधली सहा वर्षे

उद्या वर्गात लॉग-स्ट्रक्चर्ड फाइल सिस्टिम (डिस्कवरचे सगळे लेखन एका सलग नोंदीत करणारी फाइल-व्यवस्था) शिकवायची असल्याने आज संध्याकाळी संगणकशास्त्रज्ञ जॉन ऑस्टरहाउट यांचे १९८५ आणि १९९१ सालचे शोधनिबंध लागोपाठ वाचले. संगणक-प्रणालींच्या संशोधकाची कारकीर्द कशी घडते, हे त्यांतून मला फार स्वच्छ दिसले.

पहिल्या निबंधात नवे काही बांधलेलेच नाही. बर्कली विद्यापीठातल्या, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या यंत्रांवर लोक फायली प्रत्यक्षात कशा वापरतात, एवढेच त्यांनी सहकाऱ्यांसह मोजले. नव्याने लिहिलेला बहुतेक मजकूर काही मिनिटांतच पुसला किंवा बदलला जातो आणि काही मेगाबाइटांची कॅश (वारंवार लागणारा मजकूर हाताशी ठेवणारी मेमरीतली जागा) ठेवली तर डिस्ककडे जाणारी ९० टक्के किंवा त्याहून अधिक वाहतूक टळू शकते, असे त्यातून निघाले. मेमरी वाढून वाचन कॅशमधूनच भागू लागले, तर डिस्कच्या वाट्याला मुख्यतः लेखनच उरणार. मग ते ठिकठिकाणी विखुरण्याऐवजी सलग एका नोंदीत का करू नये, हा दुसऱ्या निबंधाचा गाभा आहे.

मेंडेल रोझेनब्लम या विद्यार्थ्यासोबत त्यांनी ही कल्पना स्प्राइट या आपल्याच गटाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उतरवली आणि सुमारे तीस जण तिच्यावर रोजचे काम करू लागले. अशा नोंदीत जुना, निकामी मजकूर साचत जातो, म्हणून तो साफ करून मोकळी जागा गोळा करावी लागते. तिचा खर्च प्रत्यक्षात सिम्युलेशनच्या (संगणकावरच्या नकली चाचणीच्या) अंदाजापेक्षा बराच कमी निघाला, कारण साफ केलेल्या सेगमेंटांपैकी (डिस्कच्या मोठ्या सलग तुकड्यांपैकी) निम्म्याहून अधिक आधीच रिकामे असत. हे ज्ञान चालत्या यंत्रणेवाचून हाती लागले नसते. अशा कामात वर्षे जातात आणि निबंध मोजकेच होतात, म्हणून निबंधांची संख्या मोजून या क्षेत्रातल्या माणसाची योग्यता ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

ऑस्टरहाउट १९९४ मध्ये विद्यापीठ सोडून उद्योगात गेले आणि २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होऊन पुन्हा अध्यापनाकडे वळले. तिथे डिएगो ओंगारो या विद्यार्थ्यासह त्यांनी राफ्ट ही पद्धत मांडली. अनेक सर्व्हरांमध्ये एकमत राखण्याची ही पद्धत समजायला सोपी असावी, हेच त्यांनी मुख्य उद्दिष्ट मानले आणि तेही मोजून पाहिले: ४३ विद्यार्थ्यांना राफ्ट आणि जुनी पॅक्सॉस या दोन्ही पद्धती शिकवून प्रश्न विचारले, तेव्हा ३३ जणांची उत्तरे राफ्टबाबत अधिक चांगली आली. हा निबंध २०१४ सालचा. आज अनेक यंत्रांवर प्रोग्राम चालवून सांभाळणारी कुबरनेटीस ही प्रणाली आपली माहिती सहसा ज्या एटसीडी या डेटा-साठ्यात ठेवते, तो राफ्टवरच चालतो.